आमच्या बेफाम रात्री, सकाळी अकरा ते दुपारी चार

माझ्या कॉम्प्युटरमध्ये एक फोल्डर आहे. नाव 'डिलीट करायचं'. वर्ष उलटून गेलं, त्यातलं एकही डिलीट झालेलं नाही. लग्नाच्या सीझनमध्ये हार्ड डिस्क भरते, नवरीच्या मामाचे फोन सुरू होतात, "व्हिडिओ कवा देतो गा?" मग मी ठरवतो, आज हे साफ करून टाकू. एक क्लिप उघडतो. मग दुसरी. तासाभरानं आई दारातून विचारते, "एकटाच काहून हासून राहिला?" किस्से असेच साचतात. पुसायला बसलो की पुन्हा पहिल्यापासून बघितले जातात.

त्या फोल्डरमध्ये आमची वेब सिरीज आहे. म्हणजे सिरीज यूट्यूबवर आहे, सहा भाग आहेत, कुणीही बघू शकतं. फोल्डरमध्ये आहे ते तिच्या आजूबाजूचं सगळं. आणि खरं सांगतो, सिरीजपेक्षा ते शंभरपट भारी आहे.

*

बारावीत होतो आम्ही, लाखनीला. प्रफुल्लच्या वडिलांचं हायवेवर किराणा दुकान. दुकानात बसून ट्रकवाल्यांना बिडी-काडी देता देता प्रफुल्लनं मोबाईलवर इंग्लंडमधली एक मालिका बघून काढली. आमच्याच वयाची पोरं-पोरी, जिगरी दोस्त, आणि त्यांच्या भानगडी. पार्ट्या, नशा, घरातून पळणं, दुसऱ्याची कार उचलणं, याचं तिच्याशी, तिचं तिसऱ्याशी. प्रफुल्ल रोज दुकानामागच्या पोत्यांवर बसवून आम्हाला एकेक भाग सांगायचा आणि सांगता सांगता उभा राहायचा. शेवटचा भाग सांगून झाल्यावर म्हणाला, "आपली बनवू. लाखनी गँग!"

कॅमेरा माझा, म्हणजे काकांच्या फोटो स्टुडिओचा. हिरो गोलू. गोलू सानगडीचा, घरी तलावातल्या मासेमारीचं काम, पोरगा पाण्यात राहून राहून असा काटक झालेला की शर्ट न घालताही हिरो दिसायचा. आणि हिरोईन अश्विनी. ती आसगावची, बाबा धानाचे शेतकरी, कॉलेजसाठी लाखनीला आत्याकडे राहायची. आमच्यात अॅक्टिंग येत होती ती तिला एकटीला. बाकी आम्ही उत्साही होतो.

पहिल्याच मीटिंगमध्ये गोलूनं प्रश्न काढला, "त्या पोराईचे मायबाप कुठं राहतात बे?"

"कोणाचे?"

"त्या इंग्लंडवाल्याईचे. घरात पार्टी चालू आहे, सोफा जळून राहिला. माय कुठं आहे?"

प्रफुल्लनं मोबाईल काढून तो भाग मागे-पुढे केला. माय कुठेच सापडली नाही. "बाहेर गेले असतील," तो म्हणाला.

"दोघंही? अन् शेजारची काकू? तीबी गेली?"

आम्ही हसलो, पण गोलूनं बोट बरोबर जागेवर ठेवलं होतं. पुढचं वर्षभर आमची एकच अडचण होती. इंग्लंडमध्ये मोठी माणसं फ्रेममध्ये येत नाहीत, आणि आमच्याकडे ती फ्रेममधून जात नाहीत.

*

अश्विनीच्या दोन अटी होत्या. कुणी अंगाला हात लावायचा नाही, आणि तिला साडेचारच्या आत घरी सोडायचं. आत्या शिवणक्लासवरून पाचला परत यायची. त्यामुळे लाखनी गँगच्या सगळ्या बेफाम रात्री आम्ही सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात शूट केल्या. खिडक्यांना घोंगड्या लावायच्या, आत एक लाल बल्ब. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन.

आत्याचं एक वेळ ठीक होतं. खरी भीती बाबांची होती. त्यांनी बारावीनंतर नर्सिंग ठरवून टाकलं होतं. अश्विनीला मात्र नागपूरला जाऊन नाटकाचा कोर्स करायचा होता, आणि हे तिनं आम्हा तिघांशिवाय कुणाला सांगितलेलं नव्हतं. यूट्यूबवर पोरगी नाचताना दिसली तर बाबा त्याच दिवशी तिला आसगावला परत नेतील, नर्सिंगही गेलं आणि नागपूरही गेलं, असा तिचा हिशेब होता.

"मग तू करून कायले राहिली?" मी तिला एकदा विचारलं.

"मले दुसरं काही येत नाही," ती म्हणाली. "अन् बाबाजवळ बटनाचा फोन आहे."

तो बटनाचा फोन आमच्या सिरीजचा सगळ्यात मोठा आधार होता. प्रफुल्ल त्याची रोज चौकशी करायचा. "बॅटरी ठीक आहे ना काकाच्या फोनची? पडला-बिडला नाही ना?"

*

पहिला भाग म्हणजे पार्टी. ती सानगडीला गोलूच्या घरी. घर रिकामं करायला गोलूच्या आईला पाचदा समजावलं, तेव्हा काकू "करा बाप्पा, मी मांगं बसतो" म्हणून स्वयंपाकघरात गेल्या. म्हणजे तीन पावलं लांब.

कॉलेजमधली पंधरा पोरं बोलावली होती. बाटल्यांमध्ये कोरा चहा. स्पीकरवर गाणं. प्रफुल्ल ओरडला, "तुमाले कोणाची भीती नाही! मायबाप घरी नाही! अॅक्शन!" आणि पोरं खरोखर पेटली. गोलू बाजेवर चढून नाचत होता, कुणीतरी उशी फोडली, कापूस उडाला, मी आडवा झोपून शॉट घेत होतो. असा शॉट मी पुन्हा घेतला नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं. काकू हातात परात घेऊन फ्रेमच्या मधोमध आल्या.

"कवापासून नाचून राहिले. उपाशी पोटी चक्कर येईन. बसा."

प्रफुल्ल म्हणाला, "काकू, तुम्ही घरी नाही आहात."

"नाही आहो तं नाही. भात थंडा होऊन राहिला."

तलावातली ताजी मासोळी, लाल रस्सा, गरम भात. पोरांची नाकं तिकडे वळली. दोन मिनिटांत पंधराच्या पंधरा जण भिंतीला पाठ लावून रांगेत बसले. लाल बल्बखाली, डोक्यात कापूस, डोळ्यांवर गॉगल, अशी पंगत बसली. काकू वाढत होत्या, गोलू पाणी फिरवत होता. प्रफुल्ल कपाळाला हात लावून उभा होता, मग त्यालाही पान मिळालं.

आम्ही तो शॉट तसाच ठेवला. भागाचं नाव ठेवलं, 'ती बेभान रात्र'. खाली सगळ्यात पहिली कॉमेंट आली, "रस्सा दिसायला भारी आहे, पत्ता द्या."

*

दुसऱ्या भागात कार चोरायची होती. कार नव्हती. गोलूचे शेजारी भोजराजकाका यांच्याकडे ट्रॅक्टर होता. काका ट्रॅक्टर द्यायला एका पायावर तयार झाले. फक्त म्हणाले, "चालवीन मी."

"काका, चोरीचा ट्रॅक्टर आहे. मालक कसा चालवेल?"

"मग चोर मी होतो. पण माह्या ट्रॅक्टरले दुसऱ्याचा हात नाही लागला आजवर."

मग काय, काकांच्या तोंडाला गमछा बांधला, ते स्टीअरिंगवर, गोलू आणि अश्विनी मागे ट्रॉलीत उभे, केस वाऱ्यावर. मी पुढे बाईकवर उलटा बसलो, प्रफुल्ल बाईक चालवत होता. चोर पोरं मोकाट सुटली आहेत असा सीन. पहिलं वळण छान घेतलं. दुसऱ्या वळणावर ट्रॅक्टर थांबला.

रस्त्याच्या कडेला एक बाई, डोक्यावर बोचकं. काकांनी गमछा खाली ओढला. "कुठं जाऊन राहिल्या?"

"लाखनीले."

"बसा."

पुढे एक मास्तर चढले. पुढे दोन बकऱ्यांसह एक म्हातारा. आम्ही बाईक थांबवून हातवारे करत होतो, काका आम्हालाच हात दाखवून "येतो, येतो" म्हणत होते. हायवेला लागलो तेव्हा चोरीच्या ट्रॅक्टरवर सहा सवाऱ्या आणि दोन बकऱ्या होत्या, आणि चोर प्रत्येकाला दारापर्यंत सोडत होता.

प्रफुल्लनं चिडून विचारलं, "काका, चोरी अशी करतात का?"

भोजराजकाका शांतपणे म्हणाले, "ट्रॉली खाली जाऊन राहिली होती ना पोरा."

*

तिसऱ्या भागाचा किस्सा लहान आहे, पण तो फक्त आमच्याकडेच होऊ शकतो.

सीन असा की गोलू आणि अश्विनीचं शाळेच्या भिंतीजवळ भांडण होतं. तो बोलतो, ती वळते, तिचा चेहरा दिसतो. गोलूचा शॉट जूनच्या शेवटी घेतला. अश्विनीचा घ्यायचा तर आभाळ भरून आलं. दुसऱ्या दिवशी घेऊ म्हणालो. दुसऱ्या दिवशी रोवणी लागली! सगळी गँग गायब. पोरी, पोरं, प्रत्येकजण आपापल्या बांधीत चिखलात वाकून धान रोवत होता. अश्विनी आसगावला गेली ती वीस दिवसांनी आली.

आम्ही घाईघाईनं राहिलेला शॉट घेतला आणि एडिटिंगला बसलो. स्क्रीनवर गोलू म्हणतो, "तू बदलली आहेस." कट. अश्विनी वळते. वीस दिवस उन्हापावसात राबून आलेली, रंग चार पट सावळा, नखात चिखल, बोटं पाण्यानं फुगलेली, आणि वाकून वाकून पाठ धरलेली, म्हणून हळूच वळते.

गोलू म्हणाला, "बरोबरच बोललो बे मी."

*

चौथ्या भागात अश्विनीला रडायचं होतं. गोलू तिला सोडून जातो आणि ती तलावाच्या पाळीवर बसून एकटी रडते. तिला रडूच येईना. कांदा झाला. मिरची झाली. गोलूनं तिला त्याच्या मेलेल्या कुत्र्याची गोष्ट सांगितली, तर गोलूच रडला. शेवटी तिनं नाक ओढलं, खांदे हलवले, आणि आम्ही तेच घेतलं.

"खोटं वाटून राहिलं ना?" तिनं विचारलं.

"नाही गं, मस्त," आम्ही तिघंही म्हणालो. खोटं वाटत होतं.

सामान आवरत असताना तिला फोन आला. आसगावहून आईचा. ती ऐकत राहिली, "हो" म्हणाली, फोन ठेवला आणि पाळीवर खाली बसली.

"बाबानं मोठा फोन घेतला," ती म्हणाली. "टचवाला. उन्हाळी धानाची नोंद आता मोबाईलवरूनच करा लागते म्हणून."

मग ती म्हणाली, नागपूरच्या कोर्सचा फॉर्म तिनं भरून टाकला होता. त्यात पालकाचा नंबर सक्तीचा होता. बाबा बटनाच्या फोनवर मेसेज उघडतच नाहीत म्हणून तिनं त्यांचाच नंबर दिला होता. तेच सिम आता नव्या फोनमध्ये होतं. हे सांगता सांगता ती रडायला लागली. नाक न ओढता, खांदे न हलवता, नुसती बसून.

प्रफुल्ल माझ्या कानाशी आला. "मन्या, रोल कर. असं पुन्हा मिळणार नाही."

मी कॅमेरा बॅगेत घालून चेन लावली. प्रफुल्ल दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी दुकानात बोलावून त्यानं मला गोळ्या-बिस्किटांचा पुडा दिला आणि म्हणाला, "बरं केलं बे."

*

यावर गोलूनं योजना काढली. आपण आसगावला जायचं, अश्विनीच्या बाबांना धानाची नोंद करून द्यायची, आणि त्या निमित्तानं फोन हातात घेऊन यूट्यूब बंद करायचं आणि नागपूरचा मेसेज असला तर उडवायचा. अश्विनीचे कॉलेजमधले मित्र म्हणून नाही, धान खरेदीच्या सोसायटीतून मदतीला आलेली पोरं म्हणून. मी आणि गोलू निघालो. मजा येत होती, कारण सिरीजमध्ये आम्ही असं काहीच करू शकलो नव्हतो.

घरी कळलं की काका बांधीत आहेत. शेताच्या धुऱ्यावरून चालत गेलो तर लांबून आवाज आला. खणखणीत, चढा आवाज, राजा दरबारात बोलावा तसा. उन्हाळी धान लोंबीवर आलं होतं आणि त्याच्यापुढे एक मध्यम वयाचा माणूस एकटाच हात उंचावून संवाद म्हणत होता. आम्ही दिसताच तो गप्प झाला आणि गवत उपटायला लागला. अश्विनीनं हे एकदा सांगितलं होतं, बाबा एकटे असले की जुन्या नाटकातलं बोलतात, पण घरात नाटकाचा विषय काढला की उठून जातात. हेच तिचे बाबा, नामदेवकाका.

नोंदीसाठी पिकासोबत फोटो लागतो म्हणून मी त्यांना उभं केलं. मी लग्नांचे हजारो फोटो काढलेला माणूस. फोन समोर धरला. काका म्हणाले, "उजेड मांगून येऊन राहिला. चेहरा कारा येईन." आणि स्वतःच दोन पावलं सरकून, हनुवटी किंचित वर करून उभे राहिले. फोटो नंबर एक आला. मी तेव्हा एवढंच म्हणालो, काका हुशार आहेत.

मग मी त्यांना शेताची हद्द विचारत लांब नेलं आणि गोलू फोन घेऊन झाडाखाली बसला. पाच मिनिटांनी त्यानं मला अंगठा दाखवला. मेसेज होता, उडवला. मुलाखतीची तारीख होती, तीही गेली. ती आम्हाला वेबसाइटवरून आधीच माहीत होती.

निघताना काका गोलूकडे बराच वेळ बघत राहिले. "तुले कुठंतरी पाह्यलं, पोरा."

गोलू म्हणाला, "माह्या चेहराच तसा आहे काका. सगळ्याईले ओळखीचा वाटते."

"होय," काका म्हणाले. "बाजेवर चढून नाचला तं मोडते बरं."

आम्ही बाईकवर बसून सुटलो. लाखनी येईपर्यंत गोलू मला एकच विचारत होता, "ते बाजेचं काहून बोलले बे?" मी म्हणालो, मोठी माणसं बोलतात काहीही.

*

आता शेवटचा भाग. सातवा, जो यूट्यूबवर गेलाच नाही, फोल्डरमध्येच राहिला. इंग्लंडच्या मालिकेत शेवटी एक पोरगी सगळं सोडून निघून जाते म्हणे, म्हणून आमच्याही हिरोईननं जायचं. लाखनीचं बसस्टँड, दुपारचे तीन. सीन असा: अश्विनी बॅग घेऊन नागपूरच्या बसच्या पायरीवर पाय ठेवते, बाप धावत येतो आणि म्हणतो, "गेली तं परत येऊ नको." ती पाय खाली घेते. बस निघून जाते. संपलं.

ते लिहिलं तेव्हा प्रफुल्लला काही वाटलं नव्हतं. शूटिंगच्या दिवशी मात्र सगळ्यांना वाटत होतं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला नागपूरला तिची मुलाखत होती आणि ती जाणार नव्हती. आम्ही सांगून पाहिलं. गोलू म्हणाला, पहाटे बाईकवर सोडतो, संध्याकाळी आणतो, कुणाला कळणार नाही.

"अॅक्टिंग चोरून करता येते," ती म्हणाली. "तीन वर्षं चोरून शिकता येत नाही. सही लागते." आणि बॅगमध्ये तनीस भरायला लागली. बॅग फुगलेली दिसावी म्हणून आम्ही धानाचं तनीस, म्हणजे वाळलेला पेंढा, आणलं होतं.

बापाचं काम भोजराजकाकांकडे होतं. मनमिळाऊ माणूस. पहिली नागपूर लागली. अश्विनी पायरीवर, काका धावत आले आणि म्हणाले, "गेली तं परत येऊ नको... म्हणजे ये, कवाबी ये, घर तुहंच आहे." कट. कंडक्टर ओरडला, "ओ ताई, बसायचं आहे का अॅक्टिंग करायची आहे?" बस गेली. दुसरी लागली. काकांनी या वेळी वाक्य नीट म्हटलं, पण म्हणताना तिच्या डोक्यावर हात ठेवला. तोही कंडक्टर तेच विचारून गेला.

तिसऱ्या बसला अर्धा तास होता. प्रफुल्ल काकांना राग कसा येतो ते करून दाखवत होता. मी लेन्स पुसत होतो. मागून आवाज आला.

"बापाचं काम कोन करून राहिला?"

नामदेवकाका! पांढरा शर्ट, हातात एक मोठी बॅग. अश्विनी जिथे होती तिथेच उभी राहिली. गोलू माझ्यामागे सरकला. प्रफुल्लनं आयुष्यात पहिल्यांदा हातातली स्क्रिप्ट लपवली. माझ्या डोक्यात एकच आलं, संपलं, आता पोरगी आसगावला जाते.

भोजराजकाकांनी भीत भीत हात वर केला. "मी."

नामदेवकाकांनी त्यांना वरून खाली बघितलं. "तुमाले ट्रॅक्टरच चांगला शोभते." मग ते गोलूकडे वळले. "अन् तू. मेसेज पुसल्यानं तारीख नाही पुसल्या जात, पोरा."

"बाबा..." अश्विनी म्हणाली.

"साहाच्या साहा भाग पाह्यले. बटनाचा फोन होता तवापासून पाहून राहिलो, सरपंचाच्या पोराच्या मोबाईलवर." ते तिच्याकडे बघत नव्हते, तिच्या बॅगेकडे बघत होते. "चौथ्या भागात तू रडली नाही. नाक ओढलं."

ती मान खाली घालून म्हणाली, "हो."

"हे काय आहे ब्यागेत?"

"तनीस."

"म्हणून. दोन बसा पाह्यल्या म्या तिकडून. घर सोडून जाणारी पोरगी अशी ब्याग उचलते का? खांद्याले वजन दिसलं पायजे." त्यांनी स्वतःच्या हातातली बॅग तिच्यासमोर ठेवली आणि तनिसाची बाजूला सारली. "हे घे. अन् माह्यं वाक्य सांगा."

प्रफुल्लनं लपवलेली स्क्रिप्ट काढून वाचून दाखवलं. "गेली तं परत येऊ नको."

काकांनी ते एकदा ओठातल्या ओठात म्हटलं आणि जिथून एन्ट्री घ्यायची त्या खांबाशी जाऊन उभे राहिले. त्यांना खूण दाखवावी लागली नाही. नागपूर लागली. मी कॅमेरा सुरू केला. घाईत ट्रायपॉड लावायचा राहिला, म्हणून तो शॉट आजही थोडा हलतो.

अश्विनीनं बॅग उचलली आणि तिचा खांदा एकदम खाली गेला. ती थांबली. चेनमधून तिच्या हिरव्या ओढणीचं टोक बाहेर आलं होतं. तिनं ते बघितलं. मग पायरीवर पाय ठेवला, पण चेहरा असा होता की पुढचं सगळं ती विसरली असावी.

काका फ्रेममध्ये आले. उजेड बरोबर चेहऱ्यावर घेऊन उभे राहिले आणि लेकीकडे बघत राहिले. इतका वेळ की प्रफुल्ल शेजारून हळूच वाक्य पुरवायला लागला, "गेली तं... काका, गेली तं..."

काकांनी ते वाक्य म्हटलंच नाही. तिच्या खांद्यावरची बॅग काढून आपल्या खांद्यावर टाकली आणि तिच्या आधी बसमध्ये चढले. ती त्यांच्यामागे चढली. प्रफुल्ल कट म्हणायचं विसरला होता. मी धावत जाऊन खिडकीवर झूम केलं. ती खिडकीशी बसली होती आणि रडत होती, नाक न ओढता.

कंडक्टर त्यांच्यापाशी आला. बाहेर कॅमेरा दिसताच वैतागला. "काका, बसायचं आहे का अॅक्टिंग करायची आहे?"

"दोन्ही," नामदेवकाका म्हणाले. "एक फुल, एक लेडीज. नागपूर."